अकरा नंबरचं घड्याळ

गिरीशकाका दर कोजागिरीला ही गोष्ट सांगतात आणि दर वर्षी तिच्यात एक घुबड वाढतं.

कोजागिरी म्हणायची आपली. अमेरिकेतल्या मराठी माणसाचा चंद्र शनिवारीच उगवतो. २००८ सालची खरी पौर्णिमा मंगळवारी होऊन गेली होती, पण मंगळवारी सुट्टी कुणाला? म्हणून शनिवारी, अठरा ऑक्टोबरला, कॅरी गावातल्या काकांच्या घरामागच्या लाकडी डेकवर सात-आठ जण केशरी दुधाचे पेले धरून अंधारात बसले होते. चंद्राचा पत्ता नव्हता. सगळी मंडळी नवी. पुण्याहून नुकताच एच-वन व्हिसावर नोकरीला आलेला निमिष, औषधशास्त्र शिकणारी चैत्राली आणि त्यांच्यासारखेच आणखी काही. काकांनी दुधाचा घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ही काही ऐकीव गोष्ट नाही बरं का. ती मुलगी याच घरात राहायची. त्या तिकडे, गॅरेजच्या वर."

मग काकांनी अमावास्या आणली, कुत्री रडवली आणि पहिलं घुबड पाइनच्या झाडावर बसवलं. अमावास्या मुळीच नव्हती. घुबडं वगळून गोष्ट अशी आहे.

२००६ साली काकांच्या गॅरेजवरच्या खोलीत स्वानंदी भाड्याने राहायची. नागपूरची मुलगी. इथल्या युनिव्हर्सिटीत वन्यजीवांवर मास्टर्स करायला आलेली. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी काका तिला विचारायचे, "वाइल्डलाइफ? मग पुढे जॉब कुठे, प्राणिसंग्रहालयात का?" ती म्हणायची, "नाही काका, आयटीतही चालेल. क्युबिकल काय आणि पिंजरा काय." मग काका लोक हसायचे आणि काकू लोक तिच्यासाठी मुलगा शोधायच्या.

तिचं काम होतं कॅमेरा ट्रॅपचं. डब्याएवढा एक कॅमेरा पट्ट्याने झाडाच्या बुंध्याला बांधायचा आणि निघून यायचं. समोरून काही ऊबदार हललं की तो आपोआप फ्लॅश मारून फोटो काढतो आणि फोटोवर तारीख-वेळ छापतो. कॅरीच्या कडेला, जिथे घरांच्या रांगा संपतात आणि रान सुरू होतं, तिथे लांडग्याचा धाकटा भाऊ शोभेल असा कायोटी शिरला होता. तो आल्यावर तिथले करडे कोल्हे आपल्या वेळा बदलतात का, हे तिला शोधायचं होतं. म्हणजे कोण आलं याच्याइतकंच किती वाजता आलं हे महत्त्वाचं. सगळा अभ्यास त्या छापलेल्या वेळेवर उभा.

काम ऐकायला सोपं वाटतं. जूनमध्ये तिने पहिला कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून बांधला, तर मावळतं ऊन आणि गवताचं एक पातं या दोघांनी मिळून अख्खं मेमरी कार्ड भरून टाकलं. तीन आठवडे, एकच पातं, शेकडो पोझमध्ये. मग ती शिकली. तोंड उत्तरेला करायचं. समोरचं गवत हाताने उपटायचं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, कारण कायोटी काही माणसाच्या छातीएवढा नसतो. आणि सगळ्यात शेवटी, कॅमेरा चाचणीवर टाकून स्वतः त्याच्यासमोर चार पायांवर रांगायचं. आपण हललो की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकतो, थांबलो की विझतो. जिथे लाल दिवा लागत नाही तिथून जाणारं जनावर कॅमेऱ्याला दिसणार नाही, हे ओळखायचं. मग जागेचा नंबर लिहिलेली पाटी हातात धरून पहिला फोटो आपलाच. कार्ड बदललं की दर वेळी हे सगळं पुन्हा. रांगून घेतलेली मास्टर्सची डिग्री ही अशी.

आता एकनाथराव.

एकनाथराव म्हणजे काकांचे सासरे, रेखाकाकूंचे अण्णा. वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याचे, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. अशा निवृत्त वडिलांचं अमेरिकेत काय करायचं हे कुणालाच कळत नाही. गाडी येत नाही, टीव्ही कळत नाही आणि फिरायला जावं तर रस्त्यावर माणूस नाही. पण दया येऊ द्यायची नाही. कारण या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट येत होती. काकांनी गवत कसं कापावं ते येत होतं, काकूंनी कुकर कसा लावावा ते येत होतं, समोरच्या गोऱ्या म्हाताऱ्याला त्याचा झेंडा किती उंचीवर हवा तेही त्यांनी खुणांनी सांगून झालं होतं.

आणि ते घड्याळ. एकनाथरावांनी मनगटावरचं घड्याळ शेवटपर्यंत इथल्या वेळेला लावलं नाही. रात्री आठला सगळे जेवायला बसले की घड्याळ वर करून म्हणायचे, "साडेपाच वाजले. माझी फिरायला निघायची वेळ झाली."

"अण्णा, रात्र आहे," काकू म्हणायच्या.

"ती तुमची. खरी वेळ ही."

जुलैत एके दिवशी स्वानंदी पाठीवर पिशवी टाकून निघाली, तर हे दारात उभे. पांढरे स्पोर्ट्स शूज, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. जुलैत.

"मी येतो. मुलीच्या जातीने एकटीने रानात जायचं म्हणजे काय!"

"आजोबा, मी मेळघाटात एकटी राहिलेय."

"मेळघाट आपलं आहे. हे परकं."

स्वानंदीला नाही म्हणता येईना. भाडं नाममात्र होतं आणि काकूंची पोळी-भाजी फुकट. तिने दात ओठ खाल्ले आणि म्हातारा सोबत आला. येताना तोंड बंद नव्हतं. कॅमेरा खाली का बांधतेस, वर बांध, नाहीतर नुसते गुडघे दिसतील. पट्टा असा नाही, असा ओढायचा. वीज मंडळात मी चारशे खांब उभे केलेत. तिने निमूटपणे कॅमेरा चाचणीवर टाकला आणि रांगायला खाली वाकली, तर एकनाथराव म्हणाले, "बाजूला सर. मी जनावर होतो."

आणि ते झाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा कार्यकारी अभियंता, कानटोपीसकट, पाचोळ्यात हातापायांवर. एक हात टेकायचा, थांबायचं, दुखरा गुडघा पुढे ओढायचा, थांबायचं. लाल दिवा लागला की, "हां, दिसलो!" दिवा विझला की, "आता नाही दिसलो!" इतकी मजा त्यांना अमेरिकेत कशातच आली नव्हती. तेव्हापासून दर आठवड्याला रांगायचा मक्ता त्यांचा.

अकरा नंबरची जागा सगळ्यात चांगली होती. ग्रीनवे म्हणजे ओढ्याकाठची डांबरी पायवाट जिथे संपते, तिथून पुढे आडव्या पडलेल्या झाडावरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडे पाइनच्या दाटीत एक मोकळा तुकडा. कायोटी आणि कोल्हा दोघंही येत होते अशी ती एकच जागा. ऑगस्टमध्ये तिथल्या कॅमेऱ्याचे सेल बदलले. सेल काढले की त्याचं घड्याळ बारावर येऊन लुकलुकत राहतं, ते पुन्हा लावावं लागतं. स्वानंदी पाटीवर नंबर लिहीत होती तेवढ्या वेळात एकनाथरावांनी ते काम करून टाकलं. स्वतःच्या मनगटावर बघून. आणि सांगितलं नाही.

सप्टेंबरात लॅबच्या मीटिंगमध्ये स्वानंदी छाती फुगवून उभी राहिली. सकाळी अकराला कायोटी, दुपारी बाराला कायोटी! माणसांच्या घरामागून भरदिवसा फिरतायत! रात्रभर तक्ते केले होते तिने. प्रोफेसरांनी फोटो मोठा करून भिंतीवर लावला आणि हळू आवाजात विचारलं, "सकाळच्या अकरा वाजता इतका काळोख का आहे?"

सगळी लॅब हसली. नंतर दार लावून घेऊन प्रोफेसरांनी सांगितलं की जूनचं पातं मी सोडून दिलं, हेही सोडतो. आता ऑक्टोबरचं कार्ड जर असंच निघालं तर जानेवारीपासून तुझी असिस्टंटशिप दुसऱ्याला जाईल. असिस्टंटशिप गेली की फी गेली, फी गेली की व्हिसा गेला. मग नागपूर, आणि तिथे बसलेले सगळे काका-मामा, 'आम्ही म्हटलंच होतं' हे वाक्य तोंडात तयार ठेवून.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तिने एकनाथरावांना सोडलं नाही. "माझ्या कामात तुम्ही हात का घातलात? तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"घड्याळ बंद होतं. मी लावलं."

"चुकीचं लावलं!"

"चुकीचं कसं? मिनिटाचा फरक नव्हता त्यात."

"स्वानंदी..." काकू मध्ये पडल्या.

"नाही काकू. यांना एकदा कुणीतरी सांगायला हवं. आजोबा, तुम्हाला त्याच वेळेत राहायचंय ना? मग तिकडेच जाऊन राहा. माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

एकनाथरावांनी माफी मागितली नाही. तशी माणसं मागतच नाहीत. ते आमटीत भात कालवत राहिले आणि एवढंच म्हणाले, "मग रांगणार कोण?"

सप्टेंबर संपता संपता ते विमानात बसले. निघतानाही काकांच्या ड्रायव्हिंगवर बोलत होते. स्वानंदी निरोपाला थांबली नाही, ती अकरा नंबरवर होती. कॅमेऱ्याचं घड्याळ तिने स्वतः लावलं, दोनदा तपासलं, स्वतः रांगली, पाटी धरली, फोटो काढला. शांतता. किती बरं वाटलं तिला.

शुक्रवारी, सहा ऑक्टोबरला सकाळी साताऱ्याहून फोन आला. अण्णा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

इथून काकांचा आवाज बदलतो. घुबड एखादं असतं अजून, पण त्यांचंही मन त्यात नसतं.

शनिवारी, सात ऑक्टोबरला मंडळाची कोजागिरी काकांकडे होती, ती रद्द झाली. तीच माणसं मग दुधाऐवजी वरण-भाताचे डबे घेऊन भेटायला आली. काकूंना विमान वेळेत मिळालं नाही, अंत्यविधी त्यांच्याशिवाय उरकला. त्या सोफ्यावर बसून राहिल्या आणि लोक येत राहिले. स्वानंदीला सकाळीच अकरा नंबरचं कार्ड आणायचं होतं, सोमवारी ते प्रोफेसरांपुढे ठेवायचं होतं. पण चहा कोण करणार? ती करत राहिली. दिवसभर भुरभुर पाऊस होता. संध्याकाळी तो थांबला, आणि रात्री मोठा येणार असं टीव्हीवर सांगितलं. मोठा पाऊस आला की ओढा चढतो, मग दोन-तीन दिवस पलीकडे जाता येत नाही. शेवटचे पाहुणे गेले तेव्हा अंधार पडला होता. तिने डोक्याला बांधायचा हेडलॅम्प आणि पाटी घेतली, नवं कार्ड खिशात टाकलं आणि निघाली.

"आत्ता?" काकूंनी सोफ्यावरून विचारलं.

"आत्ताच. अर्ध्या-पाऊण तासात येते."

तिला भीती वाटत नव्हती. खरं तर तिला राग आला होता, आणि राग कशाचा ते कळत नव्हतं म्हणून आणखी राग. मेलेल्या माणसाशी भांडण अर्धवट राहिलं की असं होतं.

ग्रीनवेवर कुणी नव्हतं. आभाळात ढग धावत होते आणि त्यांच्या फटीतून कालच्या पौर्णिमेचा चंद्र मध्येच उघडा पडत होता. ती आडव्या झाडावरून ओढा ओलांडून गेली. पाइनच्या सुयांतून पाणी ठिबकत होतं. ओल्या पाचोळ्यावर पावलांचा आवाज येत नाही, नुसती दबल्यासारखी चाहूल येते.

पुढे झाडांमध्ये लख्ख पांढरा उजेड पडला. आणि विझला.

फ्लॅश! काहीतरी आलं होतं अकरा नंबरवर. स्वानंदीने झटकन हेडलॅम्प बंद केला आणि जागच्या जागी उभी राहिली. तिला आनंदच झाला. कायोटी असला तर ऑक्टोबरची सोय झाली.

तो कॅमेरा एक फोटो काढला की मिनिटभर झोपतो. तिने मिनिटभर वाट पाहिली.

पुन्हा फ्लॅश. म्हणजे जनावर अजून तिथेच.

ती चार पावलं पुढे सरकली. ढग सरला. मोकळा तुकडा चांदण्यात पूर्ण दिसत होता. पाचोळा. एक ओंडका. कॅमेऱ्याचं झाड.

बाकी काही नाही.

मिनिट गेलं.

फ्लॅश.

या वेळी ती बघतच होती. एका क्षणात सगळं दिसलं. पानन् पान दिसलं. जनावर असतं तर डोळे चमकले असते. डोळे नव्हते. काहीच नव्हतं. आणि काहीच नसताना हा कॅमेरा पेटत नाही. त्याला ऊब लागते. हलणारी.

"सेन्सर गेला," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून बरं वाटलं. "ओलीने सेन्सर गेला, दुसरं काय."

ती मागून झाडापाशी गेली. डब्याचं झाकण उघडलं. आतला छोटा पडदा उजळला.

रविवार. पहाटेचे पाच बत्तीस.

तिने मनगटावर पाहिलं. शनिवार. रात्रीचे आठ वाजून दोन मिनिटं.

पहिल्यांदा तिच्या तोंडून शिवी निघाली. म्हाताऱ्याने पुन्हा...

मग ती थांबली.

हे घड्याळ तिने लावलं होतं. तो विमानात बसल्यावर. सेल कुणी काढले नव्हते. आणि तो...

साडेपाच. फिरायला निघायची वेळ.

तिने बटणं दाबून वेळ नीट केली. दोनदा चुकली. जुनं कार्ड काढलं, नवं घातलं. आता पळावं असं तिला वाटलं, हे तिने नंतर कबूल केलं. पण कार्ड बदललं की रांगायचं. पाटी धरायची. ते केलं नाही तर प्रोफेसर कार्ड ग्राह्य धरणार नाहीत. भुताला घाबरून मी व्हिसा घालवू? भुताला? तिने कॅमेरा चाचणीवर टाकला, झाकण लावलं, समोर आली आणि ओल्या पाचोळ्यात हात-गुडघे टेकले.

हात पुढे टाकला. लाल दिवा लागला.

थांबली. विझला.

गुडघा ओढला. लागला. थांबली. विझला. सेन्सर चांगला होता.

अजून एकदा. हात. दिवा. थांबली...

दिवा लागला.

ती हलली नव्हती.

दिवा लागला.

तिने श्वास धरला. पापणी हलवली नाही.

दिवा लागला. विझला. लागला.

मग डावीकडून, जरा मागून... ओला पाचोळा दबला.

चप्.

थांबला.

चप्.

एक हात. मग... मग एक गुडघा. दुखरा. ओढलेला.

ते तिच्या बरोबरीला आलं. आणि थांबलं.

दिवा विझला.

ती डोळे मिटून तशीच होती. चार पायांवर. किती वेळ, तिला सांगता आलं नाही. चाचणी संपली की कॅमेरा आपणहून कामाला लागतो. मिटल्या पापण्यांवर फ्लॅश पडला. लाल.

"आजोबा," ती म्हणाली. "घड्याळाला... हात लावायचा नाही."



ती उठली आणि चालत निघाली. पळाली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी आली तेव्हा काकू स्वयंपाकघरात भात गरम करत होत्या. त्यांनी तिच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला.

"रांगलीस?"

"हो."

"एकटीच?"

स्वानंदी खुर्चीत बसली. भाताची वाफ वर जात राहिली. अर्ध्या तासाने तिने सगळं आपणहून सांगितलं. एकदाच. परत कधी नाही.

सोमवारी तिने ते कार्ड प्रोफेसरांपुढे ठेवलं. तीस सप्टेंबरपासून गुरुवारपर्यंतच्या सगळ्या फोटोंवर इथली वेळ होती. हरणं, रकून, एक करडा कोल्हा. शुक्रवारपासून पुढच्या सगळ्यांवर भारतातली. आणि शुक्रवारपासून बरेचसे फोटो रिकामे. नुसता पाचोळा. काका सांगतात की एका फोटोत कानटोपी दिसते. कानटोपीबिनटोपी काही नाही. त्यानंतरच्या कार्डातला पहिला फोटो स्वानंदीचा, चार पायांवर, पाटी पाचोळ्यात पडलेली, डोळे घट्ट मिटलेले. शेजारी कुणी नाही. वेळ, तिने दहा मिनिटांपूर्वी स्वतः बदललेली वेळ, पुन्हा रविवारची पहाट.

तिने ती नंतरही तीनदा बदलली. मग नाद सोडला. प्रोफेसरांना स्पष्ट सांगितलं की अकरा नंबर भारतीय वेळेवर चालतो, मी प्रत्येक नोंदीतून साडेनऊ तास वजा करते. प्रोफेसर खवळले. आता हे कार्ड ग्राह्य धरायचं तरी कसं, म्हणाले. म्हणून तिने सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं तपासून दाखवली. बाकी सगळी दोन महिन्यांत मागे पडली होती, कुणी तीन मिनिटं, कुणी सात. अकरा नंबर एक मिनिटही ढळला नव्हता. सगळ्या अभ्यासातली एकमेव पक्की वेळ तीच निघाली, आणि तिच्यावरच तो मोसम तरला. असिस्टंटशिप राहिली.

"पण भारतीय वेळच का?" प्रोफेसरांनी विचारलं.

"एका म्हाताऱ्याचा हट्ट आहे," स्वानंदी म्हणाली. प्रोफेसरांना वाटलं आपली काहीतरी प्रथा असेल. त्यांनी आदराने मान डोलावली.

२००८च्या मे महिन्यात ती डिग्री घेऊन मोंटानाला गेली, लांडगे मोजायला. अकरा नंबरचा फ्लॅश तोवर जळाला होता, लॅबने तो कॅमेरा मोडीत काढला. तिने सेल काढून टाकले आणि तो काकांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवून गेली. संपली गोष्ट.

डेकवर निमिष हसला. नव्याने एच-वनवर आलेला मुलगा जसा हसतो तसा.

"काका, सॉरी यार, पण हा सिंपल बग आहे. टाइम झोनचं सेटिंग उडालं असणार."

"त्या कॅमेऱ्यात टाइम झोन नावाचा प्रकारच नाही," काका म्हणाले.

"मग दाखवा ना. आत्ता चेक करू."

काकांनी पेला खाली ठेवला. "कशाला उगाच... पाच महिने सेल नाहीत त्यात."

"तेच तर! सेल नसले की बारावर येतं म्हणालात. बारा वाजलेले दिसले की गोष्ट खोटी. चैत्राली, तू साक्षीदार."

रेखाकाकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि कॅमेरा घेऊन आल्या. दुसऱ्या हातात मोठ्या टॉर्चमधले चार सेल. ते त्यांनी निमिषपुढे टेबलावर ठेवले.

निमिषने झाकण उघडलं. आत कोळ्याचं जाळं होतं, ते फुंकलं. सगळ्यांना दिसावं म्हणून एकेक सेल वर धरून आत बसवला. चौथा बसला. छोटा पडदा उजळला.

रविवार. सकाळचे सात सेहेचाळीस.

कुणी फोन बाहेर काढला नाही. गरजच नव्हती. परदेशात राहिलेल्या प्रत्येक मराठी पोराला घरी आत्ता किती वाजलेत ते विचार न करता माहीत असतं. चैत्रालीची आई आत्ता देवासमोर बसली असणार. निमिषचे बाबा दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत असणार.

निमिषने वेळ बदलायच्या बटणाकडे बोट नेलं.

मग मागे घेतलं.

काकांनी घुबड घातलं नाही. पेल्यांतल्या दुधावर साय धरली होती. पाइनच्या मागून उशिराचा, चार दिवसांचा शिळा चंद्र वर आला.

पडद्यावर सात सत्तेचाळीस झाले.